काटा थांबायच्या आधी

बोरी अरब मागे पडून दहा मिनिटं झाली असतील, समोरून कापसानं फुगलेला एक ट्रक आला, जीपला घासल्यासारखा निघून गेला, आणि अर्पिताच्या हातातल्या थर्माकोलच्या पंखानं तिचा खांदा वर उपटला. उपटला म्हणजे उपटलाच. पंख तिच्या हातात नव्हता, ती पंखाच्या हातात होती. असा अर्धाच क्षण. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं एकाएकी सगळं सोडलं, धाडकन खाली आला, जीपच्या पत्र्यावर आपटला, आणि त्याचा बोटभर कोपरा तुटून मागच्या धुळीत गडप झाला.

“हात आत घे वं पोट्टे,” जीप चालवणारा देवीलालकाका आरशात पाहून म्हणाला. “माह्या जीपले पंख लावून राह्यली का? उडाली तं उतरवाची कशी, ते मले येत नाही.”

जीपमध्ये चौदा माणसं होती. बहुतेक सगळी हसली. दारव्ह्याच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे माणसांच्या पायाशी मेथीची पोती आणि पोत्यांवर पुन्हा माणसं. दोन फुटांचा पंख आत ठेवायला जागा कुठली, म्हणून तर अर्पिता खिडकीशी बसून तो बाहेर धरून होती, जाड कड पुढे आणि पातळ कड मागे, जसा तो खऱ्या विमानाला असतो तसा. शेजारी याडी. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. जगासाठी ती जमनाबाई राठोड. तिच्या मांडीवर लाकडी चौकटीचं गाठोडं होतं, पंख जिच्यात टांगायचा ती चौकट, आणि गाठोड्याच्या आत फडक्यात गुंडाळलेला शाळेचा लहानसा ताणकाटा. ती हसली नाही. तिनं फक्त पंखाच्या तुटक्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला नवल वाटलं असणार, कारण लेकीच्या तोंडावर रडं नव्हतं. तिथं भलतंच काहीतरी होतं. तोंड उघडं, डोळे मोठे, जसं लहानपणी तिनं पहिल्यांदा इंद्रधनुष्य पाहिलं तेव्हा झालं होतं.

कारण अर्पितानं निळ्या वाती उभ्या राहताना पाहिल्या होत्या. पंखाच्या पाठीवर तिनं कापसाच्या वाती चिकटवल्या होत्या, देवापुढच्या वातीपेक्षा बारीक, बोटाच्या पेराएवढ्या, नऊ रांगा. घरच्याच कापसाच्या, याडीनं मांडीवर वळून दिलेल्या, आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही म्हणून नीळ टाकून रंगवलेल्या. वारा सरळ असला की त्या तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या मागे निजतात. बोरीपासून इथपर्यंत त्या तशाच निजल्या होत्या आणि पंख तिच्या तळव्यांना खालून हळूच वर ढकलत होता, सारखा, शहाण्या माणसासारखा. मग ट्रकचा झोत आला. पहिली रांग उभी राहिली. मग दुसरी. मग तिसरी. गव्हाच्या उभ्या वावरातून वाऱ्याचं अंग लोळत जावं तसं काहीतरी गोल, न दिसणारं, पंखाच्या पाठीवरून पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे लोळत गेलं, आणि ते लोळत होतं तोवर पंख ओढत होता, असा ओढत होता की बस. ते मागच्या कडेवरून उतरलं आणि वाती चारी दिशांना विस्कटल्या, पंखानं हात सोडला. हे सगळं किती वेळात? देवीलालकाकानं एकदा हॉर्न वाजवला तेवढ्यात. पण तिला ते रांगेरांगेनं दिसलं होतं. आणि तिच्या वहीप्रमाणे हे व्हायला नको होतं.

वही दप्तरात होती. वहीत बावन्न आकडे होते, प्रत्येक आकडा तिच्या हातचा, प्रत्येक पानाखाली घनश्याम सरांची सही. तिच्या प्रयोगाचं नाव होतं, ‘अस्थिर वाऱ्याचा विमानाच्या पंखावर होणारा परिणाम’. नाव तिचंच. दिवाळीत यवतमाळच्या आत्याकडे टीव्हीवर तिनं पाहिलं होतं, विमान ढगातून जाताना कसं हिंदकळतं, आणि बाकी सगळे म्हणत होते बापरे, आणि हिच्या मनात आलं होतं की एवढं हिंदकळून ते पडत कसं नाही, काय मजबूत गोष्ट असेल ती. त्या एका ‘कसं नाही’वर तिनं सरांच्या मागे लागून ताणकाटा मिळवला, माळ्यावरचा कूलर काढून त्याचा पंखा सुटा केला, आणि भर थंडीत अंगणात वारा सोडला. तांड्यातली म्हातारी माणसं शेकोटीपाशी गोधड्या घेऊन बसायची आणि म्हणायची, देवसिंगची पोरगी येडी झाली, हिवाळ्यात हवा खाते. देवसिंग म्हणजे बापू, तिचे वडील. ते हसायचे आणि वायर जोडून द्यायचे. चौकटीत पंख टांगला की टांगायच्या दांडीसकट तो तीनशे ग्रॅम भरायचा. पंखा लावला, पंखाची पुढची कड जराशी वर केली, की तोच पंख दोनशे ऐंशी भरायचा, दहा अंश वर केली की दोनशे वीस. ऐंशी ग्रॅम हवेनं उचलले! हात ना पाय, दोर ना खांब, आणि उचलले. पहिल्या दिवशी तिनं हे दहा वेळा केलं, केवळ पाहायला. बारा अंशांपर्यंत हवा उचलत जायची, चौदाला हात सोडायची, काटा परत जड. हे झालं स्थिर वाऱ्याचं. मग अस्थिर वाऱ्यासाठी खुशीनं, तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं, पंख्यापुढे मोठा पुठ्ठा वरखाली हलवायचा. खुशी पुठ्ठा हलवायची, वारा तुटायचा, ताणकाट्याचा काटा माकडासारखा नाचायचा. आणि अर्पिता म्हणायची, “थांब खुशी, काटा थांबू दे.” खुशी पुठ्ठा धरून उभी राहायची. काटा थांबायचा. अर्पिता आकडा लिहायची.

जीप खड्ड्यातून गेली. अर्पितानं डोळे मिटले. अस्थिर वाऱ्याचा आकडा तिनं वारा स्थिर झाल्यावर लिहिला होता. सव्वीस वेळा स्थिर वारा, सव्वीस वेळा अस्थिर, आणि दोन्ही रकाने जुळ्या बहिणींसारखे सारखे. निष्कर्ष, खुशीच्या टपोऱ्या अक्षरात, लाल स्केचपेननं, चार्टपेपरवर: ‘अस्थिर वाऱ्याचा पंखाच्या उचलीवर विशेष परिणाम होत नाही.’ हा तक्ता पाहून सर म्हणाले होते, किती नीट आकडे आहेत. हा तक्ता शाळेतून पहिला आला होता. हा तक्ता आत्ता, या क्षणी, दारव्ह्याच्या शाळेच्या हॉलमध्ये खुशीनं टाचण्यांनी लावला असेल, आणि अकरा वाजता यवतमाळहून परीक्षक येणार होत्या. आणि तो खोटा होता. खोटेपणानं नाही, तेच तर वाईट. प्रामाणिकपणानं खोटा होता. वर्गात दुसरं कुणी असतं तर नाचत्या काट्याचाच काहीतरी आकडा ठोकून मोकळं झालं असतं, आणि चुकून बरोबर आलं असतं. अशी चूक करायला जमनाबाईचीच लेक लागते.

ती नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सीतादई, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली की तांड्यातल्या आणि बोरीच्या बाया कापूस वेचायला यायच्या आणि सूर्य टेकला की बाभळीच्या फांदीला मोठा गोल काटा टांगला जायचा, घड्याळासारखा, काच तडकलेला. बाया आपापलं गाठोडं आकड्याला अडकवायच्या, याडी काट्यासमोर उभी राहायची, आणि अर्पिता वहीत लिहायची. सोनीबाई म्हणून एक होती, तिच्या कमरेला लचक भरली होती, चार दिवस तिचं वजन कमी भरत होतं आणि बाकीच्या तिला हसत होत्या. त्या दिवशी तिचं गाठोडं अडकवलं, ते झुललं, काटा बाविसाच्या पुढे गेला, आणि अर्पिता आनंदानं ओरडली, “बावीस!” सोनीबाईचं तोंड असं उजळलं. मग काटा मागे आला, पुढे गेला, मागे आला, एकोणिसाला थांबला. ते तोंड विझलेलं अर्पितानं पाहिलं. त्याआधीच याडीचा हात तिच्या तोंडावर आला होता, कापसाच्या बोंडांनी खरबरीत झालेला, मातीचा वास असलेला हात, मारलं नाही काही नाही, फक्त तोंड झाकलं, आणि कानाशी म्हणाली, “काटा थांबल्याबिगर बोलू नको, छोरी.” एवढंच. त्या दिवसापासून वेचणाऱ्या बायांमध्ये कुणी जमनाबाईच्या काट्यावर शंका घेतली नाही असं सगळे सांगतात, पण खरं म्हणजे त्या आधीही कुणी घेतली नव्हती. बदलली ती अर्पिता. शाळेत सरांनी प्रश्न विचारला की तिच्या आत एक काटा हलायला लागायचा, उत्तर हे की ते, हे की ते, आणि तो थांबेस्तोवर पुढच्या बाकावरचा अंकुर बोलून बसलेला असायचा. आठवी अशी गेली, नववी अशी गेली. दहावीत या पंखानं तिला बोलतं केलं. शाळेच्या प्रदर्शनात ती सलग वीस मिनिटं बोलली, सगळे आकडे थांबलेले होते ना, मग भीती कुणाची! तिचा आवाज मोठा आहे हे तिला तेव्हाच कळलं. आवडला तिला तो. आणि आता, नेमकं आता, पंख म्हणत होता की थांबलेला आकडा हाच खोटा.

तिनं पंख मांडीवर आडवा घ्यायचा प्रयत्न केला, समोरच्या आजोबांच्या टोपीला लागला, पुन्हा बाहेर धरला. आता ती जीव लावून पाहत होती. जीप साधी चालली की वाती निजायच्या. मोटारसायकल गेली, एकच रांग फडफडली. एसटी गेली, पंखानं तळवे उचलले आणि सोडले. प्रत्येक वेळी तेच: आधी जास्त देतो, हिशेबाच्या बाहेर देतो, चौदा अंशांच्या पुढे गेला तरी पडत नाही, उलट जिवावर उदार होऊन उचलतो, आणि मग एका झटक्यात सगळं परत घेतो. म्हणजे विमान हिंदकळतं ते असं. पंख दुबळा पडतो म्हणून नाही, आधी तो दांडगा होतो म्हणून! तिला हसू आलं. एवढ्या चुकीच्या तक्त्याकडे निघालेल्या मुलीला हसू यावं का, पण आलं. वर आभाळात, कापसाच्या जिनिंग मिलच्या दिशेला, एक घार होती. लांबून पाहिलं तर चित्रातली, जागची हलत नाही. पण अर्पितानं ती कित्येकदा वावरात डोक्यावरून जाताना पाहिली होती, आणि तिच्या पंखांच्या टोकांची बोटं सारखी हलत असतात, एक उघडतं, एक मिटतं, एक खाली दबतं, क्षणभर उसंत नाही. घार थांबलेली दिसते ती तिचे पंख थांबत नाहीत म्हणून. हे तिला माहीत होतं की. मग वहीत काहून आलं नाही?

“याडी,” ती म्हणाली. घरी त्या दोघी आपल्या बोलीत बोलतात, पण चार माणसांत याडीला वऱ्हाडीच बरी वाटते. “मोठ्या काट्यावर गाठोडं झुलत राह्यते, तवा तू काय पाहतं?”

“कधी?”

“काटा थांबाच्या आधी. तुहे डोये त काट्यावरच राह्यते. बोलत नाही, पण पाहतं. काय पाहतं?”

याडीनं गाठोडं मांडीवर सरकवलं. असलं काही तिला कुणी विचारलं नव्हतं. “मालच पाहाचा, अजून काय.”

“माल गाठोड्यात राह्यते.”

“काट्यातही दिसते ना वं. कापूस वला असला तं काटा म्हाताऱ्या बैलावानी हालते, हळू हळू, पाय उचलून. सुकला असला तं वासरावानी, टुणटुण. आन कोनं गाठोड्यात गोटा टाकला असला तं ते जास्त हालतच नाही, धप्पकन बसते. मागच्या साली त्या बाईच्या गाठोड्यातला गोटा म्या सोडून काहाडला, ध्यानात हाये ना? कसा समजला मले? कोनं येऊन सांगतलं का?”

“मंग मले काहून नाही सांगतलं आजलोक?”

“तू कधी इचारलं? तुले आकडा पायजे राह्यते लिव्हाले.” याडी जराशी हसली. “थांबला काटा वजन सांगते बाई. हालता काटा माल सांगते.”

“पण तूच म्हनली होती, थांबल्याबिगर बोलू नको.”

“कापसासाठी म्हनली. कापूस काय पळून जाते? अंदी एकोणीस, मंगबी एकोणीस. म्हून थांबाचं.” तिनं खिडकीबाहेर पंखाकडे हनुवटीनं दाखवलं. “तुहा वायरो थांबते का कधी? थांबला तं तो वायरोच राह्यते का?”

वायरो म्हणजे वारा. एवढा एक शब्द ती आपल्या बोलीतला बोलली, सगळ्या जीपसमोर, आणि अर्पिताला वाटलं, हिला कुणी शाळेत नेलं असतं तर हिनं काय काय केलं असतं. सात वर्षं ही बाई बाभळीखाली तिच्याशेजारी उभी होती. काटा कसा झुलतो यावरून ओला कापूस ओळखत होती, दगड ओळखत होती, आणि लेक शेजारी उभी राहून फक्त शेवटचा आकडा टिपत होती. घनश्याम सरांच्या जाड पुस्तकात दिवाळीपासून शोधलं ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलं होतं. पंख धरलेल्या हातांनी तिला याडीचा हात धरता येईना, म्हणून तिनं नुसता खांदा टेकवला.

दारव्हा आलं. स्टँडच्या अलीकडे देवीलालकाकानं जीप थांबवली आणि पंखाला रस्ता देत सगळे उतरले. “पहिला नंबर आणशीन तं जातानी फुकट,” तो म्हणाला. “नाही आणला तं?” अर्पितानं विचारलं. “तं पंखाचं बी भाडं लागन.” याडीनं गाठोडं डोक्यावर घेतलं, बाजार मागून करू, म्हणाली, आणि पुढे चालू लागली. अर्पिता मागून पंख सांभाळत. चौकात चहावाल्यांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या, ती प्रत्येक फडफडीकडे पाहत होती, हीसुद्धा, हीसुद्धा, सगळं गावच हलत होतं आणि तिनं इतके दिवस ते थांबायची वाट पाहिली होती.

खुशीनं हॉलच्या कोपऱ्यात सगळं मांडून ठेवलं होतं. एका बाजूला ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याचं शुद्धीकरण, मध्ये शाळेचा कूलर, जाळी काढलेला, आणि मागे तो तक्ता, लाल अक्षरांचा. खुशी स्वेटरवर स्वेटर घालून आली होती. “परीक्षक मॅडमले शिंक आली तं आपला नंबर गेला,” ती म्हणाली, मग तिनं तुटका कोपरा पाहिला, मग अर्पिताचं तोंड पाहिलं. अर्पितानं तिला दोन मिनिटांत सगळं सांगितलं, वाती, ट्रक, घार, ओला कापूस. खुशी ऐकत होती आणि तिच्या भुवया वर वर जात होत्या.

“मंजे आपला निष्कर्ष चुकला.”

“चुकला.”

“आन तू ते त्याहिले सांगशीन.”

“सांगीन.”

“पागल झाली का? अर्पे, आकडे नीट हायेत. सरांची सही हाये. कोनाले समजनार हाये? तू नुसती बोल ना मागच्या वेळेवानी, ते आयकतच राह्यते. हे हारलो तं यवतमाळले जानं गेलं, जिल्ह्याचं गेलं.” मग ती हळूच म्हणाली, “आन पुठ्ठा हालवून हालवून माहे हात गेलते महिनाभर. ते काय फुकट?”

यवतमाळ तिलाही हवं होतं, किती हवं होतं ते खुशीला माहीत नव्हतं. जिल्ह्याला पहिलं आलं की पुढे नागपूर, आणि नागपूरला एका कॉलेजात खोलीएवढी मोठी वाऱ्याची नळी आहे असं सरांनी सांगितलं होतं, आत पंख ठेवायचा आणि काचेतून पाहायचं. त्या काचेवर नाक टेकवून ती मनातल्या मनात कितीदा झोपली होती! तक्त्यावरचे शब्द तसेच ठेवले तर ती काच जवळ होती. तिनं लाल अक्षरांकडे पाहिलं. विशेष परिणाम होत नाही. तिच्या तळव्यांना अजून पंखाची ओढ होती, खांदा अजून दुखत होता, आणि तक्ता म्हणत होता, नाही, काही झालं नाही. “फुकट नाही,” ती म्हणाली. “आज पुन्हा हालव. पण मी ‘थांब’ म्हननार नाही. मी काहीही केलं तरी तू थांबू नको.”

परीक्षक मॅडम आल्या तेव्हा बारा वाजत आले होते. पांढरे केस, हातात पेन, दमलेला चेहरा. ज्वालामुखीपुढे त्या दीड मिनिट थांबल्या होत्या. त्यांनी तक्ता वाचला, दोन रकान्यांवरून पेन फिरवलं आणि म्हणाल्या, “छान. अगदी नीट घेतलेत आकडे. सांगा.” घनश्याम सर मागे उभे होते, त्यांनी मान हलवली, सुरू कर. हॉलमध्ये पोरांचा गलका होता. अर्पितानं तोंड उघडलं आणि तिच्या आत काटा हलायला लागला. सांगू की नको, सांगू की नको, नागपूर, काच, खुशीचे हात, सरांची सही, सोनीबाईचं विझलेलं तोंड. नेहमीसारखी ती तो थांबायची वाट पाहू लागली. तो थांबेना. मग तिला कळलं की हा थांबणारा नाही, हा वारा आहे, हा कापूस नाही.

“मॅडम, हा निष्कर्ष चुकलेला आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज मोठा होता.

सरांची मान हलायची थांबली. मॅडमनी पेन खाली केलं. “कुणी सांगितलं?”

“पंखानं. आज सकाळी. आम्ही अस्थिर वाऱ्याचे आकडे काटा थांबल्यावर घेतले. तेव्हा वारा अस्थिर राहिलाच नव्हता.”

“असं का केलंत?”

“आमच्या घरी कापूस तसाच मोजतात,” अर्पिता म्हणाली, आणि हे पुस्तकी मराठीत सांगता येईना म्हणून तिनं पुस्तक सोडून दिलं. “काटा हालत राह्यला तं बोलाचं नाही, अशी आमची रीत हाये. कापसासाठी ते बरोबर हाये. पंखासाठी नाही. मले समजलं नव्हतं.”

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. दमलेला चेहरा तसाच होता, पण डोळे जागे झाले. “मग बरोबर काय आहे?”

“दाखवते.”

कूलर घरघरला. डिसेंबरची थंड हवा आणखी थंड होऊन आली, सांडपाण्यावाल्यांचे कागद उडाले, कुणीतरी ओरडलं. तुटक्या कोपऱ्याचा पंख चौकटीत वर उचलला गेला, निळ्या वाती निजल्या. दहा अंशांवर दोनशे पंचवीस, कोपरा गेला ना, तेवढी पाच ग्रॅम उचल कमी. खुशीनं पुठ्ठा उचलला. तिनं एकदा अर्पिताकडे पाहिलं, रागानं की कशानं ते कळलं नाही, आणि मग पूर्ण जोरानं हलवायला सुरुवात केली. पहिली रांग उभी राहिली. मॅडम खाली वाकल्या. दुसरी रांग, तिसरी, ते गोल न दिसणारं अंग पाठीवरून लोळत निघालं, काटा सुटला, वर गेला, खाली आला, वर गेला, त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे डोळे वरखाली व्हायला लागले. अर्पिताला त्याच्यात सगळं दिसत होतं. कुठे हवा पंखाला मिठी मारते, कुठे ती मिठी सुटते, कुठे दांडगाई आणि कुठे दगा. म्हाताऱ्या बैलासारखं नाही, वासरासारखंही नाही. हे तिसरंच काही होतं, अजून कुणी नाव न ठेवलेलं, आणि देखणं. मागे दाराशी याडी उभी होती. बाजाराला गेलीच नव्हती. रिकामी पिशवी काखेत, डोळे लांबून त्या बोटभर काट्यावर, वाट पाहणारे नाहीत, वाचणारे. अर्पितानं तिच्याकडे पाहिलं. याडीनं आपला हात उचलला होता, तोच, बोंडांनी खरबरीत झालेला, आणि तो स्वतःच्याच तोंडावर ठेवला होता.

काटा हलत होता. अर्पिता बोलायला लागली.

“एकशे साठ,” ती म्हणाली. “दोनशे नव्वद. एकशे पन्नास…”